फिरत्या शौचालयाच्या टाकीची गळती : शोध आणि दुरुस्ती

आषाढी वारीच्या काळात तरडगाव, बरड, भंडीशेगाव यांसारख्या मुक्कामाच्या गावी लोकवस्तीच्या कितीतरी पट जनसमुदाय एका दिवसात येऊन उतरतो. गावची नित्याची व्यवस्था अशा वेळी पुरी पडणे शक्य नसते; म्हणून तात्पुरती व फिरती शौचालये आणली जातात. चाकांवरील शौचालयाच्या तळाशी मैलापाण्याची बंद टाकी असते. मैला उघड्यावर पडू नये, हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू होय. ती टाकीच गळू लागली तर पावसाच्या पाण्याबरोबर मैला ओढ्यात व विहिरीत उतरण्यास वेळ लागत नाही. पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्याने १९५५-५६ मध्ये दिल्लीत काविळीची जी साथ आली, तीत सुमारे २९,००० लोक आजारी पडले होते. तेथील कारण निराळे होते, परंतु रोग पसरण्याची वाट हीच.

वारी पावसाळ्यात येत असल्यामुळे गाडीखालचा ओलावा पावसाचा की टाकीचा, हा पहिला प्रश्न उद्भवतो. हात धुण्याच्या पाण्याची नळीही कित्येकदा गळत असते. म्हणून तपासणी गाडी गावात पोहोचण्यापूर्वी, छपराखाली व सपाट जागेवर करणे इष्ट. मैला उपसणाऱ्या गाडीने टाकी रिकामी करून धुवावी, बाहेरची बाजू पुसून कोरडी करावी आणि सांध्यांवर खडूची भुकटी फासावी. नंतर खाण्याचा गडद रंग मिसळलेले स्वच्छ पाणी भरून पातळीची खूण करावी व टाकी रात्रभर तशीच ठेवावी. एक हजार लिटर पाण्याचे वजन एक टन होते, हे ध्यानात ठेवून चाकांना अडण लावावी व सांगाड्याला आधार द्यावा. सकाळी खडूवर रंग उतरलेला दिसला की शोध संपला, असे मात्र नव्हे. पाणी लोखंडी पट्टीवरून वाहत जाऊन दुसऱ्याच टोकाला ठिबकते. तेव्हा ओल जेथे सर्वांत उंचावर दिसेल तेथे गळतीचे मूळ शोधावे. काही चिरा गाडी हादरल्यावरच उघडतात. म्हणून थोडे पाणी ठेवून गाडी खडबडीत रस्त्यावरून फिरवावी आणि पुन्हा पाहावे.

बहुधा दोष टाकीच्या अंगात नसतो. मैला सोडण्याच्या व्हॉल्व्हमधील झिजलेले रबर, नळ्यांचे सांधे आणि टाकी अडकविण्याच्या पट्ट्यांजवळील भाग, हीच गळतीची नेहमीची ठिकाणे. रबर बदलणे अल्प खर्चाचे काम आहे. तेवढ्यासाठी नवी टाकी मागविण्याचा प्रस्ताव करण्याचे कारण नाही.

टाकीलाच चीर असेल तर ती कशाची आहे हे आधी पाहावे. हल्ली पुष्कळ टाक्या पॉलिथिनच्या असतात. या प्लॅस्टिकला सामान्य गोंद वा लांबी धरत नाही. चार दिवसांत ती पापुद्र्यासारखी सुटते. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडल्यास चीर पुढे सरकत नाही; मग त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी गरम हवेने वितळवून चीर व छिद्रे भरावी लागतात. फायबरच्या टाकीचा पृष्ठभाग घासून त्यावर काचतंतूंचे कापड व रेझिन यांचे थर देतात. लोखंडी टाकीस वेल्डिंग चालते, परंतु येथे घाई जीवघेणी ठरेल. सडणाऱ्या मैल्यातून निघणारा मिथेन वायू ठिणगीने भडकतो. टाकी धुऊन, झाकणे उघडी ठेवून, वायू उरला नसल्याची कुशल माणसाने खात्री केल्यावाचून ज्योत जवळ आणू नये.

दुरुस्तीसाठी कोणासही टाकीत उतरवू नये. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की त्याचा वास येणेच बंद होते आणि माणूस सावध होण्यापूर्वी कोसळतो. सेप्टिक टाकी वा गटार धोकादायक रीतीने माणसाकरवी साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. ठेकेदाराने परस्पर माणूस उतरविला, ही सबब ग्रामपंचायतीने पुढे करावी हे शोभणारे नाही.

दुरुस्तीनंतर रंगीत पाण्याची तीच चाचणी पुन्हा घ्यावी व तारीख गाडीच्या नोंदवहीत लिहावी. मुक्कामी गाडी उभी करताना विहीर व हातपंपापासून दूर, उताराच्या खालच्या अंगास जागा द्यावी आणि मैला उपसणारी गाडी जवळ येऊ शकेल एवढी वाट मोकळी राखावी.