फटफटी गेली, आवाज राहिला

माळेगावच्या जत्रेत घोडा घ्यायला आलेला जाणता माणूस घोडा लगेच पळवून बघत नाही. आधी दात बघतो, खुरावर थाप मारतो, मानेवरून हात फिरवतो. मग दोन पावलं चालवतो आणि म्हणतो, "जनावर गुणाचं आहे." आमच्याकडं जुनी फटफटी घेतानाही हाच रिवाज होता. गाडी चालू करायच्या आधी किक हातानं दाबून दम बघायचा, सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून काजळी कोरडी आहे का तेलकट ते बघायचं, मग चालू करून डोळे मिटून ऐकायचं. किती पळते हा प्रश्न शेवटी यायचा, आणि खरं सांगायचं तर कैकदा विचारलाच जायचा नाही.

आज नांदेड-लातूर रस्त्यावर शंभरच्या वेगानं मोटारसायकली जातात. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर ही गावं मागं कधी पडली ते कळत नाही. पण ज्यांनी हाच एकशेचाळीस किलोमीटरच्या घरातला रस्ता चाळीसच्या वेगानं तुडवला, त्यांना विचारा वेग म्हणजे काय. बैलगाडी तासाला चार किलोमीटर चालते, सायकल दहा-बारा. एसटी गावाच्या फाट्यापर्यंतच यायची, तीही दिवसातून दोनदा. अशा मुलखात पहिल्यांदा फटफटी आली तेव्हा चाळीसचा वेगसुद्धा वाऱ्यासारखा वाटायचा.

आवाजावरून ओळख

त्या काळी गावात गाड्याच मोजक्या. रात्री कुत्री भुंकायच्या आधी लोक आवाजावरून सांगत, "मास्तर येऊ लालेत बघा," किंवा "ही पाटलाची बुलेट." राजदूत फटफट करी, येझदी घुमत येई, बुलेट ढुगढुग करी. या आवाजांमागं कारण आहे. राजदूत, जावा, येझदी ही दोन स्ट्रोकची इंजिनं. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला त्यांच्यात एकदा स्फोट होतो. बुलेट चार स्ट्रोकची, तिच्यात दोन फेऱ्यांना एकदा. शिवाय तिचं फ्लायव्हील जड. म्हणून ती सावकाश, दम धरून बोलते आणि चढावर हळू गेली तरी बंद पडत नाही.

राजदूत मूळची पोलंडची. तिथल्या एसएचएल एम-११ या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६० च्या दशकात ती आपल्याकडं बनवायला घेतली. १७३ सीसीचं एकच सिलिंडर, ना डौल ना नखरा. 'बॉबी' सिनेमानंतर तिची एक छोटी, गोजिरवाणी बहीणही निघाली. पण खेड्यानं आपली मानली ती मोठीच. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागं पेंडीचं पोतं, टाकीवर पोरगं. उदगीरला तेव्हा दूध भुकटीचा कारखाना चालू होता आणि भागातलं दूध गोळा करणाऱ्यांच्या दिवसाची सुरुवातच किकनं व्हायची. लाल कंधारी बैलासारखी ही गाडी. दिसायला साधी, खायला काहीही, आणि जू मानेवर टाकलं की कुरकुर नाही.

जावाची तऱ्हा वेगळी. चेकोस्लोव्हाकियातल्या यानेचेक या मालकाच्या नावातला 'या' आणि वाँडरर कंपनीतला 'वा' मिळून ते नाव झालं. म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना १९६१ साली सुरू झाला, पुढं तीच गाडी येझदी नावानं निघू लागली. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि किक तीच गिअर! किक मारायची, दांडी पुढं वळवायची, की तिचाच गिअर होतो. नवख्या माणसाला ही युक्ती कळायची नाही. पाहुणा गाडी मागून न्यायचा आणि वेशीत उभा राहून गिअर शोधत बसायचा. कॉलेजातली पोरं येझदीवर जीव टाकायची. नांदेड-लातुरात शिकायला आलेल्या पाटील-देशमुखांच्या पोरांकडं ती हटकून असे.

बुलेटचा मान

बुलेट मात्र सगळ्यांत मानाची. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली ती मुख्यतः लष्कर आणि पोलिसांच्या मागणीवर, त्यामुळं बुलेटला पहिल्यापासून सरकारी रुबाब. ३४६ सीसीचं इंजिन, अठरा हॉर्सपॉवर. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. दुसरी गाडी चालवणारा तिच्यावर बसला की घात ठरलेला. ब्रेक म्हणून दाबायचा तो गिअर निघायचा.

आणि तिची किक! ती मारायचा एक विधी होता. डिकम्प्रेसरची दांडी दाबायची, किक हळूहळू खाली न्यायची, अॅम्पिअरचा काटा मधोमध आला की दांडी सोडायची, आणि मग शरीराचा सगळा भार टाकून एकच किक. घाई केली तर किक उलटी यायची. तिनं पोटरी फोडून घेतलेले, घोटा सुजवून घेतलेले लोक अजून आहेत. बुलेटवाल्याच्या पायाकडं बघून त्यानं किती वर्षं चालवली ते सांगता येतं, असं आमच्याकडं गमतीनं म्हणत. पैसा असून भागायचं नाही, तिला समजून घ्यावं लागायचं.

तिचीच एक डिझेलवर चालणारी बहीण १९८०-९० च्या दशकांत निघाली होती. ३२५ सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर. पळायला बैल, पण तेल जेमतेम प्यायची. मोटारपंपाला आणलेल्या डिझेलमधलंच थोडं टाकीत ओतलं की बाजाराला जाऊन यायला पुरे.

याच काळात आपल्या मराठवाड्यातही दुचाकी बनू लागली. १९८५ साली औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर आलेली एम-८० म्हणजे भाजीवाल्याची, कपड्याच्या फेरीवाल्याची आणि अंगणवाडीला खाऊ पोचवणाऱ्याची गाडी. तिच्या आवाजाची कुणी तारीफ केली नाही, पण तिनं किती घरांच्या चुली पेटवल्या ते मोजायला जाऊ नये.

काळ्या मातीशी गाठ

शहरातल्या माणसाला आपल्याकडची एक गोष्ट सांगून पटत नाही. पावसाळ्यात काळ्या रानातून मोटारसायकल चालत नाही, ती मातीत रुतत जाते. चिखल चाकाला लागतो, चाकावरून मडगार्डमध्ये जातो आणि तिथं थापलेल्या भिंतीसारखा गच्च बसतो. चाक फिरायचंच थांबतं. मग उतरायचं, तुरीची काटकी घ्यायची, चिखल कोरून काढायचा, पन्नास पावलं जायचं, परत उतरायचं. काहींनी पुढचं मडगार्डच काढून टाकलं होतं. मग चिखल तोंडावर यायचा, पण गाडी घरी यायची.

लोहा तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी १९७९ साली जुनी राजदूत घेतली. गावातली ती दुसरीच गाडी, पहिली पाटलाची बुलेट. गुरुजी सांगतात, "पहिले सहा महिने मी तिच्यावर कमी बसलो आणि तिला ढकललं जास्त. पण श्रावणातल्या एका रात्री एका सालगड्याला रानात पान लागलं. बैलगाडीनं नेला असता तर रस्त्यातच गेला असता. मी पुढं, तो मधी, त्याला धरून त्याचा भाऊ मागं. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात तासाभरात पोचलो. गाडी पन्नासच्या वर गेली नाही, तिची तेवढीच ताकद होती. पण तेवढ्यात माणूस वाचला. आता पोरं मला विचारतात, आजोबा, तुमची गाडी किती पळायची? मी म्हणतो, एका जिवापुरती पळायची."

लातूरला गंजगोलाईच्या मागं एक उस्ताद आहेत. सत्तरी ओलांडली, हात अजून स्थिर. त्यांच्या दुकानाला पाटी नाही, तशी कधी लागलीही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आदल्या दिवशीच्या विसर्जन मिरवणुकीनं शहर थकून झोपलं होतं. उजाडता उजाडता किल्लारीची खबर आली आणि ज्याच्याकडं गाडी होती तो औशाच्या रस्त्याला लागला. उस्ताद म्हणतात, "पानी बरस रहा था, कीचड, और गाडियाँ एक के पीछे एक बंद पडतीं. किसी का बहनोई दबा, किसी का भाई. प्लग पोंछके दिया, क्लच का तार डालके दिया. पैसे किससे मांगते साब? आठ दिन मैंने गल्ला खोला नहीं." त्या आठ दिवसांत फटफट्यांनी पाण्याचे कॅन नेले, औषधांची खोकी नेली, निरोप नेले. परतताना मागच्या सीटवर कोण बसलेलं असायचं, ते उस्ताद सांगत नाहीत. आपणही विचारू नये.

वेगाची दुसरी बाजू

१९८५ हे साल दुचाकीच्या इतिहासात दोन गाड्यांमुळं लक्षात राहिलं. एक यामाहाची आरएक्स-१००. ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर, आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. हलक्या अंगाची, कानशिलात वारा घुमवणारी. पेट्रोलात ऑइल मिसळायची कटकट नाही, त्याची टाकीच वेगळी. दुसरी हिरो होंडाची सीडी-१००, चार स्ट्रोकची, शांत, आणि लिटरमध्ये एवढं अंतर जाणारी की खेड्यातल्या माणसाचा सुरुवातीला विश्वासच बसेना. पहिलीनं पोरांना वेड लावलं, दुसरीनं बापांना. शेवटी राज्य दुसरीनं केलं.

पण वेगाचं कौतुक लिहिताना हात एका जागी अडतो. आमच्या वर्गात एक मित्र होता. हसतमुख, कबड्डीत कुणाला न सापडणारा. लग्नात सासऱ्याकडून नवी मोटारसायकल मिळाली आणि सहाव्या महिन्यात अहमदपूरच्या अलीकडं, अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर तो आदळला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हेल्मेटचा कायदा १९८८ सालचा, पण आमच्याकडं तो तेव्हा कुणाच्या गावीही नव्हता. गाडी कोणती होती ते इथं लिहीत नाही, दोष गाडीचा नव्हताच.

आणि ती गाडी आली कशी, तेही सांगितलं पाहिजे. पूर्वी हुंड्यात सायकल, घड्याळ, रेडिओ होता. मग त्या जागी फटफटी आली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण "पोराला गाडी तेवढी द्या" हे बोलणं बैठकीत इतकं सहज व्हायचं की त्याला कुणी हुंडा म्हणतच नसे. त्या एका गाडीसाठी किती बापांनी बांधाकडची दोन एकरं विकली, कितीजणांनी सावकाराचा उंबरा चढला, याची नोंद कोणत्याही शोरूमच्या वहीत नाही. माझ्या मित्राच्या सासऱ्यानंही रान विकलं होतं. जावई गेला, गाडी भंगारात गेली, रान काही परत आलं नाही. लेक माहेरी आली ती त्याच रानाच्या नव्या मालकाकडं रोजानं जाऊ लागली. जुन्या गाड्यांच्या गप्पा रंगतात तेव्हा ती बाई मला आठवते.

आता उरलं काय?

म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्याच वर्षी आरएक्स-१०० ही थांबली. धुराचे नियम कडक झाले तशी दोन स्ट्रोकची जातच बाजारातून गेली, आणि ते योग्यच झालं; त्या निळ्या धुरात शाळेत जाणारी पोरं खोकत होती, हे आपण विसरतो. पुढं २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी नव्या रूपात परत आल्या. नाव तेच, पोट वेगळं. चार स्ट्रोक, बटणस्टार्ट.

गुरुजींची राजदूत अजून गोठ्यात आहे. कागद संपलेत. पंधरा वर्षांवरच्या मोटारसायकलीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून तीनशेची हजार झाली, २०२५ साली वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती दोन हजारांवर नेली. दंड, कर, तपासणी वेगळी. भंगारवाला किलोच्या भावानं घेतो म्हणतो. पुण्यातल्या लेकाचा फोन येतो, "बाबा, काढून टाका ती. गोठ्यात जागा होईल." त्याचंही चुकत नाही. पार्ट मिळत नाहीत. उस्तादांच्या हाताखाली शिकायला पोरगं नाही; त्यांचा स्वतःचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो.

मागच्या महिन्यात मी गुरुजींकडं गेलो तेव्हा ते गाडीवरची धूळ पुसत होते. म्हणाले, "चालू होत नाही. पण दर पोळ्याला बैलांसंगं हिलाही धुतो, हळदकुंकू लावतो." मग थोडं थांबून म्हणाले, "तो सालगडी अजून हाय. यंदा त्याच्या नातवाचं लग्न हाय. मुलीकडचे गाडी देऊ म्हणाले, तर ह्यानं नको म्हणून सांगितलं. म्हणाला, मला एका फटफटीनं जीव दिलाय, आता दुसरीसाठी कुणाचं रान घ्यायचं नाही."

गुरुजींनी किकवर पाय ठेवला आणि दोनदा मारली. गाडी काही बोलली नाही. गोठ्यातल्या बैलांनी मात्र कान टवकारले.