आपल्या घरची साखर आणि परदेशचा कायदा

कार्तिक उलटून थंडी पडूं लागली, कीं कोल्हापूरच्या पूर्वेस लागून असलेल्या उचगांवच्या रस्त्यांवर उंसानें लादलेल्या बैलगाड्यांची व ट्रॅक्टरांची रांग लागते. मोटारींतील मंडळी तिला कंटाळतात. मुलें मात्र लोंबणारें एखादें कांडें ओढून घेण्याची संधि शोधीत असतात. कांहीं कामानिमित्त आम्ही त्या बाजूस गेलों असतां एका फडांत पहांटेच्या धुक्यांतच कोयते चालू झालेले दिसले. नवरा बुडख्याशीं ऊंस तोडीत होता, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेत होती, आणि पाचटाच्या ढिगावर गोधडींत गुंडाळलेलें मूल झोंपलें होतें. घरीं परतून चहाचा पेला हातीं घेतला, तेव्हां त्यांतील साखर कोणाच्या हातून आली हा प्रश्न आमच्या मनांत प्रथमच उभा राहिला.

यांतील पुष्कळ मजूर बीडसारख्या कोरड्या मुलुखांतून येतात. नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. म्हणजे दोन जिवांची गणती एका हत्याराच्या नांवानें होते. हंगामापूर्वीं मुकादम त्यांस ‘उचल’ देतो, व ती टनामागें मिळणाऱ्या मजुरींतून फिटेपर्यंत जोडपें बांधलेलें राहतें. एक दिवस काम बुडालें, तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ ठरली, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु दर वाढल्यानें खाड्याची रीत आपोआप मोडत नाहीं.

या रीतीचें सर्वांत मोठें मोल स्त्रियांनीं दिलें आहे. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड स्त्रियांवर मोठ्या संख्येनें गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया होत असल्याचा बोभाटा झाला, आणि राज्य सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे सहांत एक! फडांत आडोसा नाहीं, स्वच्छ पाणी नाहीं, विसावा घ्यावा तर खाडा. अशा स्थितींत पाळीचा त्रास कायमचाच संपविलेला बरा, असें त्या बिचारीस वाटलें, आणि कर्करोगाचें भय दाखविणारा एखादा डॉक्टरही भेटला, तर तिनें दुसरें काय करावें? आपल्या घरांत असल्या दुखण्यासाठीं दोन-तीन वैद्यांचा सल्ला घेतला जातो, हें भगिनींनीं येथें आठवावें.

मार्च २०२४ मध्यें ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या अमेरिकन पत्रानें या प्रकरणाचा माग काढला, व महाराष्ट्राची ही साखर कोका-कोला व पेप्सिको यांसारख्या जगड्व्याळ कंपन्यांच्या पेयांपर्यंत जाते, असें लिहिलें. येथपासून हा प्रश्न बीडचा किंवा कोल्हापूरचा उरला नाहीं. माल विकत घेणारा धनी त्या मालामागील दुःखास जबाबदार कीं नाहीं, असा तो सर्व जगाचा प्रश्न झाला.

या प्रश्नास पश्चिमेकडे कायद्याचें उत्तर देण्याचा यत्न चालू आहे. २४ एप्रिल २०१३ रोजीं ढाक्याजवळील ‘राणा प्लाझा’ ही इमारत कोसळून अकराशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत बहुतेक शिवणकाम करणारीं होतीं, व त्यांनीं शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेंत विकले जात. त्यानंतर फ्रान्सनें २०१७ सालीं मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठादारांकडेही लक्ष ठेवण्याचें कर्तव्य घातलें. जर्मनीनें २०२१ सालीं तसाच कायदा करून तो १ जानेवारी २०२३ पासून अमलांत आणला. वेठबिगारी, बालमजुरी, विषारी सांडपाणी यांचा धोका कोठें आहे हें कंपनीनें शोधावें, तो टाळण्याचे उपाय करावे, व तक्रारीस दार उघडें ठेवावें, हें त्याचें सार. २०२४ सालीं युरोपीय संघानेंही असाच निर्बंध केला.

याचे पडसाद उचगांवच्या आसपासही उमटूं लागले आहेत. शिरोली व गोकुळ शिरगांव येथील फौंड्रींत मोटारींचे व यंत्रांचे ओतीव भाग तयार होतात. आमच्या परिचयाच्या एका कारखानदारांनीं परदेशी गिऱ्हाइकाची लांबलचक प्रश्नावली आम्हांस दाखविली. वाळूच्या धुळीपासून कामगारांच्या फुफ्फुसांचें रक्षण कसें करतां? वापरलेली वाळू कोठें टाकतां? जादा तासांची मजुरी देतां काय? “प्रश्न योग्यच आहेत,” ते म्हणाले, “पण धूळ ओढणारें यंत्र बसवावयाचें आमच्या खर्चानें, आणि भाव मात्र जुनाच!” ही तक्रार आम्हांस रास्त वाटते. केवळ कागद मागून स्वतःची सुटका करून घेणें, हें कर्तव्य नव्हे.

तरी फौंड्रीपर्यंत निदान प्रश्न तरी आला. उंसाच्या फडापर्यंत तोही येत नाहीं. गिऱ्हाईक कारखान्याकडे बोट दाखवितें, कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, आणि मुकादम म्हणतो उचल तर त्यांनींच मागितली. जर्मन कायद्याचा मुख्य भर प्रत्यक्ष पुरवठादारावर आहे. त्यापलीकडचें, सबळ माहिती हातीं आली तरच पाहावयाचें. युरोपीय संघानें तर डिसेंबर २०२५ मधील तडजोडींत आपला निर्बंध पांच हजारांहून अधिक नोकर असलेल्या कंपन्यांपुरताच ठेवण्याचें ठरविलें, व अंमल २०२९ पर्यंत लांबणीवर टाकला.

मग आपल्याकडे काय? शेअरबाजारांतील पहिल्या एक हजार कंपन्यांस २०२२-२३ पासून कामगार व पर्यावरण यांविषयीं वार्षिक निवेदन देणें भाग आहे. परंतु सहकारी साखर कारखाने शेअरबाजारांत नाहींत. कंत्राटदारानें मजुरी बुडविली तर ती मूळ मालकानें भरावी, हें तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यांत होतें, व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या नव्या संहितांतही तें आहे. वेठबिगारी तर १९७६ पासूनच गुन्हा आहे. तत्त्वांची वाण नाहीं; मुकादमाच्या आड उभ्या असलेल्या मालकास पुढें आणण्याची वाण आहे.

परक्यांनीं आपणांस नीति शिकवावी, हें कित्येकांस रुचत नाहीं. या कायद्यांच्या आडून ते आपला व्यापार अडवितील, ही शंकाही अगदींच निराधार नाहीं. पण तिला उत्तर एकच: त्यांनीं विचारण्यापूर्वीं आपणच विचारावें. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं साखर कारखान्याचे भाग आहेत. वार्षिक सभेंत उताऱ्याची व भावाची चर्चा होते, तेथेंच कोप्यांजवळ पाणी व शौचकूप आहेत काय, मुलांसाठीं साखरशाळा आहे काय, आजारी बाईचा खाडा कापला जातो काय, हे तीन प्रश्न विचारण्यास किती वेळ लागणार? कोणाचा मुलगा मोठ्या कंपनींत हिशेबनीस असेल, कोणाची सून वकील. पुरवठादाराचा कागद त्यांच्या हाताखालून जातांना त्यांनीं नुसती सही न करतां एकदां खालपर्यंत वाचावा.

संक्रांतीस आपण तिळगूळ वाटून गोड बोलावयास सांगतों. त्याच दिवसांत उंसाचा हंगाम भरांत असतो, आणि पाचटावर तें मूल झोंपलेलें असतें. त्याच्या आईस एक दिवस विसावा मिळाला, तरी आपल्या चहाची गोडी कमी होणार नाहीं.