दुखत नाही, मग तोंड कशाला दाखवायचे?

सर्व सभासद, बोटमालक आणि घरच्या मंडळींसाठी.

१ जूनपासून बंदी. ६१ दिवस बोटी वर. तळ खरवडणे, फळ्या ठोकून बघणे, इंजिन खोलणे, हे सगळे आपण बोट गळत नसतानाही दरवर्षी करतो. पण तंबाखू खाणाऱ्याला "तोंड तपासून घे" म्हटले की उत्तर ठरलेले: "माका कितें जालां?"

संस्थेच्या ऑफिसात हा विषय आम्ही बऱ्याच जणांकडे काढला. पैसा किंवा वेळ हे कारण थोड्यांचेच. बहुतेकांच्या मनात एकच असते, तपासले तर काहीतरी निघेल. म्हणजे जणू तपासणीनेच रोग होतो!

ही भीती उगाच आलेली नाही. आपल्या ओळखीतले जे बांबोळीला गेले ते तोंड उघडेनासे झाल्यावर, जेवण बंद झाल्यावर गेले. त्यातले बरेच परत आले नाहीत. म्हणून बांबोळी म्हटले की पोटात गोळा येतो. पण ज्याचा चट्टा वेळेत सापडला, तो उपचार घेऊन पुन्हा दर्यावर जातो आणि कुणाला सांगत नाही. मुलीचे लग्न व्हायचे असते, लोक काय म्हणतील ही चिंता असते. त्यामुळे गेलेले तेवढे आपल्या लक्षात राहतात, वाचलेले दिसतच नाहीत.

"नशिबात असेल ते होईल" म्हणणारेही आहेत. तेच लोक वादळाचा इशारा आला की बोट बंदरात आणतात.

बायकांचे वेगळे. पहाटे मासळी घेऊन बाजारात, दुपारी घर, स्वतःकडे बघायला सवड नाही. त्यात स्तनाची, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी म्हटले की लाज. तपासायला बाई असेल का, हे आधीच विचारावे, त्यात काही चूक नाही. आणि मशेरी लावणाऱ्या बायांनी तोंडही दाखवायला हवे, ते काम फक्त पुरुषांचे नाही.

तोंडाच्या तपासणीत असते काय? बॅटरीच्या उजेडात गाल, जीभ, हिरड्या बघतात. सुई नाही, काही मिनिटांचे काम. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणे, हे शोधतात. प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन अशीच नुसती तोंडे तपासली. २००५ साली निकाल आला: तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

एकट्याने जायला जड जाते हे खरे. तांडेल पुढे झाला की खलाशी मागून येतात. बोटमालकांना विनंती, परराज्यातले खलाशी बंदी लागली की गावी जातात, त्यांना त्याआधीच घेऊन चला.

ज्यांना जायचे आहे त्यांनी ऑफिसात येऊन सांगावे, सोबत कुणी हवे असल्यास तेही सांगा. नाव फळ्यावर लागणार नाही, ग्रुपवरही टाकणार नाही. तपासणीत काय निघाले ते आम्ही विचारणार नाही.