वास्तूच्या भाराचा ताळेबंद

स्वतःचे घर हे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठे आर्थिक पाऊल होय. पंधरा-वीस वर्षांच्या मासिक हप्त्यांची जबाबदारी स्वीकारण्यापूर्वी आपण व्याजाचा दर, जमिनीची मालकी, मंजूर नकाशा या साऱ्यांची कसून चौकशी करतो. परंतु ज्या स्लॅबवर आपला संसार उभा राहणार, तो स्लॅब किती वजन पेलण्यासाठी बांधला आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रत्येक प्रबलित काँक्रीटच्या, म्हणजे रूढ भाषेत आर.सी.सी. इमारतीच्या मागे आकडेमोडीची एक वही असते. ती वही आणि बँकेच्या वह्या यांत मोठे साम्य आहे. रोजकीर्दीतील प्रत्येक रक्कम जशी खतावणीत आणि अखेरीस ताळेबंदात उतरते, तसाच इमारतीतील प्रत्येक किलो स्लॅबवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर, खांबातून पायात आणि पायातून जमिनीत उतरतो. वाटेत एकही नोंद गाळून चालत नाही.

भारांची खाती

भारतात या हिशेबाची शिस्त भारतीय मानक ब्यूरोने घालून दिली आहे. आय.एस. ८७५ या मानकाच्या पाच भागांत अनुक्रमे बांधकामाचे स्वतःचे वजन, वापराचे वजन, वारा, बर्फ आणि विशेष भार यांचा विचार आहे. काँक्रीटच्या संकल्पनासाठी आय.एस. ४५६, तर भूकंपासाठी आय.एस. १८९३ हे मानक आहे. मानकांतील आकडे किलोन्यूटनमध्ये असतात. वाचकांच्या सोयीसाठी येथे एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलो धरले आहेत.

पहिले खाते स्थिर भाराचे. स्लॅब, तुळया, खांब, भिंती, गिलावा, फरशी हे सारे त्यात येते. हा भार इमारत उभी असेपर्यंत क्षणभरही हलत नाही. दुसरे खाते वापराच्या, म्हणजे चल भाराचे. माणसे, सामानसुमान, कपाटे यांचे वजन आज येथे, तर उद्या तेथे असते. ते मोजता येत नसल्याने मानकाने वापरानुसार किमान आकडे ठरवून दिले आहेत. राहत्या घरातील खोलीसाठी दर चौरस मीटरला २०० किलो, घराच्या जिन्यासाठी आणि बाल्कनीसाठी ३०० किलो, ये-जा असलेल्या गच्चीसाठी १५० किलो.

आम्हा बँक कर्मचाऱ्यांना जिव्हाळ्याचे वाटावेत असे आकडेही या यादीत आहेत. बँकेच्या दालनासाठी ३०० किलो, दप्तर ठेवण्याच्या खोलीसाठी ५०० किलो आणि तिजोरीच्या खोलीसाठी प्रत्यक्ष हिशेब करून, पण किमान १२०० किलो! म्हणजे राहत्या खोलीच्या सहापट. निवासी इमारतीचा वरचा मजला भाड्याने घेऊन तेथे लॉकरची पोलादी कपाटे मांडता येत नाहीत, याचे कारण सुरक्षा-व्यवस्थेइतकेच या आकड्यातही आहे.

एका खोलीचा हिशेब

चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद, म्हणजे १२ चौरस मीटरची एक खोली घेऊ. प्रबलित काँक्रीटचे वजन दर घनमीटरला २५०० किलो धरतात. स्लॅबची जाडी साडेबारा सेंटिमीटर असेल, तर नुसत्या स्लॅबचे वजन ३७५० किलो होते. खालचा मसाला आणि फरशी यांचे दर चौरस मीटरला १०० किलो धरल्यास १२०० किलो वाढतात. वापराचा भार २४०० किलो. एकूण बेरीज ७३५० किलो.

आता भिंत पाहू. २३ सेंटिमीटर जाडीची, २.६ मीटर उंचीची विटांची भिंत धावत्या मीटरला सुमारे १२०० किलो भरते, आणि तेही गिलावा सोडून. चार मीटरच्या एका भिंतीचे पावणेपाच टन झाले. त्या खोलीत वावरणारी सर्व माणसे आणि सर्व सामान यांसाठी जो भार गृहीत धरला, त्याच्या जवळजवळ दुप्पट! विटांऐवजी हलक्या काँक्रीटचे ठोकळे वापरण्याकडे कल वाढला, त्यामागचे एक प्रमुख कारण हेच. त्यांचे वजन विटांच्या साधारण एक-तृतीयांश असते.

असेच खांबाचे पाहू. खांब एका दिशेला चार आणि दुसऱ्या दिशेला तीन मीटर अंतरावर असतील, तर मधल्या एका खांबाच्या वाट्याला प्रत्येक मजल्यावरचे १२ चौरस मीटर क्षेत्र येते. त्याचे वर काढलेले ७३५० किलो, त्या खांबाच्या वाट्याला येणाऱ्या सात मीटर तुळयांचे सुमारे ११०० किलो, तुळयांवरील अर्ध्या विटेच्या भिंतींचे ४२०० किलो आणि खांबाचे स्वतःचे पावणेआठशे किलो. मजल्यामागे सव्वातेरा टनांहून थोडे अधिक. पाच स्लॅबच्या इमारतीत, गच्चीवर भिंती नाहीत हे ध्यानात घेता, एकट्या त्या खांबाच्या पायथ्याशी सुमारे ६५ टन भार जमा होतो.

हा भार शेवटी जमिनीला पेलायचा असतो. कठीण मुरमाची सुरक्षित धारणक्षमता दर चौरस मीटरला २० टन निघाली, तर पायाचे स्वतःचे वजन धरून साधारण १.९ मीटर बाजूचा चौरस पाया पुरतो. तीच क्षमता १० टन निघाली, तर क्षेत्र दुप्पट करावे लागते. काळी माती तर पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणून माती-परीक्षणाच्या अहवालाशिवाय केलेला हिशेब म्हणजे तारणाचे मूल्यांकन न करताच दिलेले कर्ज होय.

सारे ठेवीदार एकाच दिवशी येत नाहीत

बँकेतील सर्व ठेवीदार एकाच दिवशी सगळी रक्कम काढायला येत नाहीत, या अनुभवावर बँकव्यवसाय उभा आहे. इमारतीच्या बाबतीतही सर्व मजल्यांवर एकाच वेळी पूर्ण गर्दी होण्याची शक्यता कमी असते. म्हणून मानकाने खालच्या खांबांच्या हिशेबात वापराचा भार काही प्रमाणात कमी धरण्याची मुभा दिली आहे. दोन मजले पेलणाऱ्या खांबासाठी १० टक्के, तीन मजल्यांसाठी २० टक्के, पाच ते दहा मजल्यांसाठी ४० टक्के. मात्र गोदामांना ही सवलत नाही, कारण तेथे सर्व मजले खरोखरच एकाच वेळी भरलेले असू शकतात.

आडवे येणारे भार

वजन खाली दाबते. वारा आणि भूकंप मात्र आडवा धक्का देतात. वाऱ्याचा हिशेब स्थळानुसार बदलतो. मूलभूत वेग मुंबई व नागपूरसाठी सेकंदाला ४४ मीटर, पुण्यासाठी ३९, बंगळूरसाठी ३३, तर चेन्नई आणि कोलकात्यासाठी ५० मीटर धरला जातो. ४४ मीटर म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११५ किलो भरतो आणि वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो.

भूकंपाचे गणित निराळे. त्याचे बल इमारतीच्या स्वतःच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात जाड मातीच्या धाब्यांची दगडी घरे त्या ओझ्यासह कोसळली. तो भाग तोवर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात गणला जात असे. २००२ च्या सुधारणेत ते पहिले क्षेत्रच रद्द झाले. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक आर.सी.सी. इमारती पडल्या. त्यांतील कित्येकांचा तळमजला वाहनतळासाठी मोकळा होता. वर भिंतींचा भार, खाली केवळ खांब. एकूण वजनाइतकीच त्याची मांडणीही महत्त्वाची, हा त्या आपत्तीचा धडा आहे.

दीडपट कशासाठी?

स्थिर आणि वापराचा भार यांची बेरीज झाल्यावर अभियंता तिला १.५ ने गुणतो. आपल्या उदाहरणातील ६५ टनांचा खांब त्यामुळे जवळजवळ शंभर टनांसाठी संकल्पित होतो. येथेच अनेकांची गल्लत होते. ‘अभियंत्याने जास्तीचे धरलेलेच असते, थोडे वजन वाढले तर काय बिघडले?’ असे सहज म्हटले जाते.

गृहकर्ज देताना बँक घराच्या संपूर्ण किमतीइतके कर्ज देत नाही, काही अंतर राखते. ते अंतर बाजारभावातील चढउतारांसाठी असते. ही दीडपटही तशीच आहे. भारांच्या अंदाजातील अनिश्चितता आणि एरवी न घडणारा एखादा अतिरिक्त भार यांसाठी ती राखून ठेवलेली असते. ती रहिवाशांनी खर्च करावयाची शिल्लक नव्हे.

नोंद न झालेले वजन

अभियंत्याची वही इमारत बांधण्यापूर्वी बंद होते. त्यानंतर वाढलेल्या वजनाची नोंद कोणीच ठेवत नाही. गच्चीचा स्लॅब दर चौरस मीटरला १५० किलोंसाठी असताना तेथे थेट स्लॅबवर दीड मीटर पाण्याची टाकी ठेवली, तर त्या जागी १५०० किलो, म्हणजे दहापट भार येतो. ३० सेंटिमीटर ओल्या मातीची बाग ५०० ते ६०० किलोंची होते. जुन्या फरशीवरच पाच सेंटिमीटर मसाला आणि दोन सेंटिमीटर ग्रॅनाइट घातल्यास आपल्या १२ चौरस मीटरच्या खोलीत जवळजवळ दोन टनांची भर पडते.

बांगलादेशात ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही दुकाने व कार्यालयांसाठी उभारलेली इमारत होती. तिच्यात वरचे मजले अनधिकृतपणे चढवले गेले, कपड्यांचे कारखाने आले, अवजड जनित्रे आली. २३ एप्रिल २०१३ रोजी भेगा दिसताच खालची दुकाने आणि एका बँकेची शाखा बंद करण्यात आली. कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक जीव गेले. आपल्याकडे २५ जुलै २०१७ रोजी मुंबईच्या घाटकोपर भागात चार मजली निवासी इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होते आणि त्यात खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला.

ग्राहकांनी काय पाहावे?

घर घेताना मंजूर नकाशाबरोबर संरचना अभियंत्याचे रेखाचित्र आणि स्थैर्य प्रमाणपत्र मागावे. माती-परीक्षण झाले आहे काय, हे विचारावे. भिंत हलवणे, फरशी बदलणे, टाकी किंवा बाग करणे, घराचे कार्यालय वा गोदाम करणे यांपैकी काहीही करण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला घ्यावा. त्याचे शुल्क दुरुस्तीच्या एकूण खर्चापुढे अल्प असते. खांब व तुळया यांना छिन्नी लावू देऊ नये.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनात्मक दोष निदर्शनास आणल्यास तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी प्रवर्तकाची आहे. भेग दिसताच लेखी कळवणे म्हणूनच हिताचे. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. इतरत्रही गृहनिर्माण संस्थांनी ती आपणहून करून घ्यावी.

आपण पासबुकातील एका रुपयाचा फरकही शाखेत येऊन विचारता आणि ते योग्यच आहे. तीच दक्षता आपल्या छतावर आणि पायाखाली असलेल्या वजनाबाबत दाखवली, तर वीस वर्षे फेडलेले घर पुढच्या पिढीच्या हाती सुस्थितीत सोपवता येईल.