ऊन दमलं की वारा उठतो

सोलापूरच्या मुलांनी देशभर सांगत सुटावं अशी एक गोष्ट आहे, आणि ती फारच कमी जणांना माहीत असते. ३१ डिसेंबर २०१३ या दिवशी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वीजवाहिनी सुरू झाली. तोवर दक्षिण भारताचं वीजजाळं वेगळ्या तालावर चालायचं आणि बाकीच्या देशाचं वेगळ्या. त्या दिवशी दोन्ही एका तालावर आली. अमृतसरमधला पंखा आणि कन्याकुमारीतला दिवा एकाच जाळ्यात सापडले, आणि ही गाठ बसली आपल्या सोलापूरच्या वाहिनीमुळे!

त्यात सोलापूरशेजारच्या होटगीजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र आहे. दोन संच, प्रत्येकी ६६० मेगावॅटचा. म्हणजे होटगीकर विजेच्या अगदी अंगणात राहतात. मग इथेच कुणी म्हणालं, “माझ्या घराला बाहेरची तारच नको, माझी वीज मी बनवतो,” तर?

गंमत म्हणून नव्हे हं. शेतात दूरवर एखादी वस्ती असते. तिथवर खांब न्यायचे म्हणजे खर्च, आणि वळवाच्या पहिल्याच वादळात तार तुटली की रात्रभर अंधार. चला, होटगीच्या शिवारात अशी एक वस्ती आहे असं समजू. घरात आजी, आई-बाबा आणि तुम्ही दोघं भावंडं. या घराची वीज आपण आखायची.

आता तुम्ही म्हणाल, “आधी पॅनेल किती घ्यायची?” थांबा! आधी वही घ्या. मोठ्यांचीसुद्धा सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. घराला दिवसभरात वीज लागते किती, हे मोजल्याशिवाय एक रुपयाही खर्च करायचा नाही.

हिशेब सोपा आहे. वस्तूवर लिहिलेले वॅट गुणिले ती किती तास चालते. ९ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास चालले, तर १८० वॅट-तास. टीव्ही ५० वॅटचा, दोन तास, म्हणजे १००. दोन मोबाइल भरायला ३० पुरतात. मिक्सर ५०० वॅटचा खरा, पण शेंगाचटणी वाटायला सहा मिनिटं बास, म्हणून फक्त ५०. आणि पंखे? सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याशिवाय कोण झोपेल? जुना पंखा ७५ वॅटचा असतो. असे दोन पंखे दहा तास चालले की झाले १५०० वॅट-तास. बाकी सगळ्या घराची बेरीज ३६०, आणि एकट्या पंख्यांचे १५००! पण हल्ली बाजारात बीएलडीसी मोटरचे पंखे मिळतात. ते साधारण ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतात. ते लावले की १५०० चे ६०० होतात. म्हणून या घराची पहिली खरेदी पॅनेलची नाही, पंख्यांची! आता एकूण झाले ९६०. हजार धरू. हजार वॅट-तास म्हणजेच वीजबिलावरचं एक युनिट.

(तासभर हजार वॅटची इस्त्री फिरवली, तर अख्ख्या घराचं दिवसाचं युनिट तिथेच संपतं. कपडे घडी करून उशीखाली ठेवा.)

आता ऊन. त्याची आपल्याकडे काय वाण! पॅनेलमध्ये सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. प्रकाश पडला की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन जागचे सुटतात आणि तारेतून धावू लागतात. एका चकतीतून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, म्हणून पुष्कळ चकत्या एकापुढे एक जोडतात. न हलणारी, न वाजणारी, तेलपाणी न मागणारी ही वीज बनवण्याची रीत मला दरवेळी नव्याने थक्क करते.

पण एक कोडं सांगा. पॅनेल सगळ्यात जोमाने कधी काम करेल? मे महिन्यात, ४३ अंशांच्या भाजत्या दुपारी? नाही! पॅनेलला प्रकाश आवडतो, उष्णता अजिबात आवडत नाही. त्याच्यावर लिहिलेले वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. मेच्या दुपारी पॅनेल स्वतः ६५ अंशांपर्यंत तापतं आणि त्याची ताकद सुमारे सातव्या हिश्श्याने घटते. म्हणून ते पत्र्याला चिकटवून बसवायचं नाही. खालून वारा खेळेल एवढी वितभर जागा सोडायची. आणि धूळ! माळावरची धूळ काचेवर बसली की वीज कमी होते. सकाळी काच थंड असताना साध्या पाण्याने धुवायची. भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी ओतलं, तर काच तडकण्याची भीती.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला, आणि कल सुमारे १८ अंशांचा, कारण होटगी विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेसतरा अंशांवर आहे. पण मेच्या १०-११ तारखेच्या आसपास दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. सरळ उभ्या काठीची सावली तेव्हा नाहीशी होते! त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. तरी पॅनेल दक्षिणेकडेच ठेवायचं, कारण वर्षातले बाकीचे नऊ महिने सूर्य त्या बाजूला असतो.

सगळी गळती वजा केली, तर चांगल्या उन्हात १०० वॅटचं पॅनेल दिवसाला ३५० वॅट-तास हाती देतं असं धरा. ४०० वॅटची पॅनेल लावली की १४००. हजाराची गरज भागून वर थोडं उरतं. वस्तीवरच्या छोट्या मोटरीने टाकीत पाणी चढवायचं असेल, तर तेही दुपारी, थेट उन्हावर. वरच्या टाकीत साठलेलं पाणी रात्री नळाला आपोआप येतं. त्याला बॅटरी लागत नाही.

रात्रीच्या दिव्यांना आणि पंख्यांना मात्र बॅटरीच हवी. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी तुम्ही घरच्या इन्व्हर्टरखाली पाहिली असेल. १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॅट-तास. पण त्यातले वापरायचे निम्मेच! कणगीतली ज्वारी तळापर्यंत खरवडत नाहीत, बियाणं राखतात, तसंच इथे. शिशाची बॅटरी रोज पूर्ण रिकामी केली की ती लवकर मरते. अशा दोन बॅटऱ्या घेतल्या, तर वापरायला १८०० मिळतात, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांची बेगमी. त्या सावलीत, हवेशीर जागी ठेवायच्या. भरताना त्यांतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ चूल नको आणि देवापुढची समईही नको.

झालं घर तयार? जून येईपर्यंत, हो.

आषाढात ढग दाटले की पॅनेलची वीज एकतृतीयांशावर येऊ शकते. १४०० चे साडेचारशे. तीन दिवस बॅटरी सांभाळून घेईल, पण चौथ्या दिवशी? पॅनेल तिप्पट करायची, तर ती वर्षातले आठ महिने रिकामी बसून राहतील.

आणि इथे होटगीच्या भूगोलातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. सह्याद्री ओलांडून येताना मोसमी वाऱ्याचं बरंचसं पाणी घाटमाथ्यावरच सांडतं. सोलापूरपर्यंत पाऊस थोडा पोचतो, पण वारा पोचतो! जून ते ऑगस्ट उघड्या माळावर पश्चिमेकडून कसा घोंघावतो, ते तुम्ही छत्री उलटी करून घेऊन शिकलाच असाल. ऊन कमी पडतं नेमकं त्याच महिन्यांत वारा वाढतो. आणि तो रात्रीही वाहतो.

मग दोन मीटर व्यासाची छोटी पवनचक्की उभी करू. वारा सेकंदाला चार मीटर, म्हणजे झाडाची पानं सतत हलतील असा, तर तिच्यातून सुमारे ३३ वॅट मिळतात. आता वारा दुप्पट झाला, आठ मीटर. वीज किती होईल? ६६? नाही, सुमारे २६५! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वीज आठपट होते. दोन गुणिले दोन गुणिले दोन. वेग वाढला की सेकंदाला जास्त हवा पात्यांवर येते, आणि त्या हवेच्या प्रत्येक कणातला जोरही वाढलेला असतो.

पण ३३ वॅटला हसू नका. तेवढाच वारा चोवीस तास वाहिला, तर जवळजवळ ८०० वॅट-तास होतात. आषाढातली तूट भरून निघाली!

पवनचक्की छपरावर मात्र लावायची नाही. घराला आणि कडुलिंबाला आपटून वारा भोवऱ्यासारखा गरगरतो, पाती हिसके खातात आणि माळवदाची माती गळायला लागते. चक्की वेगळ्या मनोऱ्यावर, आसपासच्या झाडा-घरांपेक्षा नऊ-दहा मीटर उंच हवी. पायाही खोल, पार मुरमापर्यंत, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्यावर रोवलेला मनोरा कलतो. मनोऱ्याला चांगलं अर्थिंगही हवं, वळवाच्या विजा काही विचारून पडत नाहीत.

होटगीत आणखी एक अट आहे. विमानतळ जवळ आहे. २०२३ च्या जूनमध्ये श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची उंच चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून पाडली गेली, ते घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. म्हणून मनोरा उभारण्याआधी परवानगीची चौकशी करायची.

बॅटरी भरली की काय होतं, हा तर फारच मजेदार प्रश्न. पॅनेल नुसतं बाजूला करता येतं, ते गप्प उन्हात पडून राहतं. पवनचक्कीचं तसं नाही. तिच्याकडून वीज घेणं एकदम थांबवलं, तर तिला अडवणारं काही उरत नाही, ती सुसाट फिरू लागते आणि पाती मोडू शकतात. म्हणून तिला सतत काहीतरी काम द्यावं लागतं. जास्तीची वीज पाण्यातल्या कॉइलला दिली, की चक्की ताब्यात राहते आणि आजीला अंघोळीला ऊन पाणी मिळतं.

अशी चक्की आणि बॅटरी लावून घर उजळणारा माणूस १८८७ सालीच होऊन गेला. ग्लासगोचे प्राध्यापक जेम्स ब्लिथ. स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क गावी त्यांनी सुट्टीतल्या घराशेजारी कापडी शिडांची पवनचक्की उभारली. उरलेली वीज त्यांनी गावातल्या रस्त्याच्या दिव्यांसाठी देऊ केली. गावकऱ्यांनी ती नाकारली. त्यांना ते सैतानाचं काम वाटलं!

आता आपल्या आराखड्यात एकच कच्चा दुवा उरला. वारा किती, हे आपण अंदाजाने धरलंय. तो मोजायला हवा. भारताचं ऊन आणि वारा नीट मोजायचं काम ज्यांनी उभं केलं, त्या अ‍ॅना मणी १९४८ पासून पुण्यात हवामान खात्यात काम करत होत्या. सूर्यप्रकाश मोजणारी उपकरणं देशातच बनावीत म्हणून त्या झटल्या. पुढे देशभरच्या सौर नोंदींचा त्यांचा जाडजूड ग्रंथ सौरऊर्जेचं काम करणाऱ्यांच्या हाताशी आला, आणि मग त्यांनी वाऱ्याचं सर्वेक्षणही केलं.

तुम्हाला सुरुवातीला एक लांब बांबू आणि कापडाची चिंधी पुरे. बांबू मोकळ्या जागी रोवा, विजेच्या तारांपासून लांब, आणि रोवताना मोठं माणूस सोबत असू द्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघा: चिंधी लोंबतेय, तिरपी उडतेय की आडवी ताणली गेलीय? वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि ढग किती, हेही लिहा. ज्येष्ठात सुरू करा आणि भाद्रपदापर्यंत सोडू नका. “ढग भरपूर, चिंधी आडवी” असे दिवस किती निघतात ते मोजा, आणि “ढग भरपूर, चिंधी लोंबती” असे सलग किती, तेही. बॅटऱ्या दोन पुरतील की तीन लागतील, ते या दुसऱ्या आकड्यावर ठरेल.