चौकशीची वही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडील कोणत्याही मराठी दुकानात डोकावावे, उधारीची वही हटकून सापडते. कोणाकडून किती येणे आहे, हे मालकास झोपेतही सांगता येईल. मात्र गेल्या महिन्यात भाव विचारून कोण कोण गेले, असे विचारताच तो आढ्याकडे पाहू लागतो.

याच्या मुळाशी आळसापेक्षा अभिमान अधिक आहे, असे आम्हांस वाटते. "गरज असेल तो येईल, आपण का मागे लागावे?" हे बोल घरोघरी ऐकू येतात. नोकरीची परंपरा असलेल्या आपल्या कुटुंबांत एखादा मुलगा धाडसाने धंद्यात पडतो आणि या खोट्या मानापायी दोन वर्षांत कुलूप लावतो.

याच बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. गिऱ्हाईक मिळविण्यास फार धीर धरावा लागला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. पुढे वाङ्मयीन कीर्ती पावलेले हे मासिक मुळात कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी निघाले होते. यात लाचारी कोणास दिसली?

लहान धंद्याला छापखाना नको, एक वही पुरे. तारीख, नाव, फोन, काय हवे, कोणता भाव सांगितला, आणि शेवटचा रकाना पुन्हा बोलण्याच्या तारखेचा. ही तारीख गिऱ्हाइकालाच विचारावी. त्याने स्वतः दिलेल्या दिवशी केलेला फोन हा दिलेला शब्द पाळणे होय.

खिडक्यांचे ग्रिल बनविणाऱ्याचे पाहा. घर बांधणारा गृहस्थ पाया भरतानाच भाव विचारून जातो, पण ग्रिल लागते भिंती उभ्या राहिल्यावर, गिलाव्यापूर्वी. मधल्या काळात दर आठवड्याला "काय ठरले?" म्हणून छळणे व्यर्थ. स्लॅब पडला की मापाची टेप घेऊन जावे आणि खिडक्या मोजून द्याव्यात. लोखंडाचा दर चढउतार करतो, म्हणून भावाची मुदत प्रथमच लिहून द्यावी. मुदत संपण्याआधी कळविणे हे फोनचे रास्त निमित्त ठरते. (दर वाढणार नसता वाढीची भीती घालू नये, गाव लहान असते.) गृहस्थ कन्नडभाषक असेल तर कन्नडात बोलावे, भाषेचा अभिमान तेवढ्याने उणावत नाही.

फराळ, लोणची करणाऱ्या आमच्या भगिनींनी गेल्या दिवाळीत नुसती विचारपूस करून गेलेल्यांना नवरात्रातच निरोप धाडावा, धनत्रयोदशीला नव्हे.

स्पष्ट "नको" म्हणणाऱ्यास पुन्हा त्रास देऊ नये. त्याच्या नावावर रेघ मारताना कारण मात्र लिहावे : भाव जास्त, उशीर झाला, दुसरीकडून घेतले. वर्षअखेर "उशीर झाला" अशा रेघा किती, तेवढ्या मोजाव्यात.