दुखणं किती आणे?

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेजवळ येतात आणि विचारतात, ‘दुखतंय का?’ आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं असतं, ‘बरं आहे.’ मी भूलतज्ज्ञ. या दोन शब्दांनी मला एकदा चांगलंच फसवलं.

मुळशी खोऱ्यातल्या एका आजींच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. सारा जन्म भातलावणीत गेलेला. दोन दिवस त्या ‘बरं हाय’ म्हणाल्या, मी तसंच लिहिलं. तिसऱ्या दिवशी ताप आणि धाप! टाके ओढतात म्हणून त्या खोकत नव्हत्या, पुरता श्वासही घेत नव्हत्या. कफ साठून न्यूमोनिया झाला होता.

ताप थर्मामीटरनं मोजता येतो. वेदनेला असं यंत्र नाही. ती रुग्णानंच सांगायची. त्यासाठी काही मोजपट्ट्या आहेत.

पहिली म्हणजे दहा सेंटीमीटरची रेघ. एका टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, दुसऱ्या टोकाला ‘याहून जास्त दुखणं शक्य नाही’. रुग्णानं मध्ये खूण करायची. माप बारीक मिळतं; पण भुलीची गुंगी, चष्मा पिशवीत आणि हाताला सलाईन, अशा वेळी रेघ अवघड जाते. दुसरी पट्टी शून्य ते दहा आकड्यांची. तिला कागद लागत नाही, म्हणून ती वॉर्डात सोयीची. तिसरी शब्दांची : नाही, थोडं, मध्यम, खूप. वृद्धांना ती सोपी वाटते, पण थोडासा फरक तिच्यात दिसत नाही.

मुलांसाठी १९८३ मध्ये अमेरिकेत डोना वाँग आणि कोनी बेकर यांनी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे तयार केले. मूल बोट ठेवून दाखवतं. मात्र आई दिसत नाही म्हणूनही ते रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवू शकतं! तान्ह्या बाळाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं पाहून प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात.

आजींना आकडे जमेनात. म्हणून विचारलं, ‘रुपयातलं किती आणे दुखतंय?’ नवे पैसे १९५७ मध्ये आले, पण बोलण्यातले आणे गेले नव्हते. आजी लगेच म्हणाल्या, ‘पडून ऱ्हायलं तर चार आणे. खोकलं की चौदा.’

मी फक्त चार आणेच पाहत होतो! औषध वाढवलं, तासाभरानं पुन्हा विचारलं. ‘आता खोकताना सहा.’ आजी खोकू लागल्या, बसू लागल्या आणि बऱ्या होऊन घरी गेल्या.

तेव्हा पट्टी कोणतीही असो, औषधाच्या आधी आणि नंतर तीच वापरायची. पडून असताना विचारायचं, तसंच खोकताना आणि कूस बदलतानाही विचारायचं. शेजारच्या खाटेवरच्या आकड्याशी तुलना करायची नाही. नातेवाइकांनी रुग्णाच्या वतीनं उत्तर देऊ नये. आणि रुग्णानं, डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून ‘बरं आहे’ म्हणू नये. सोसण्याला इथं बक्षीस नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)